डीबी स्पेक्ट्रम प्लस: उणे पाच व्होल्टपासून सुरुवात

९ जून २०२४

यंत्र टेबलावर आलं. मालक माझे आठवीचे गणिताचे सर. आता वय पंच्याऐंशीच्या पुढे. माळ्यावरून खोका काढून देताना म्हणाले, "अगं, चालू झाला तर बघ. नाही झाला तरी भंगारात घालू नकोस, परत आणून दे."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक ब्रिटनमध्ये १९८२ साली आला, त्याची कडक बटणांची 'प्लस' आवृत्ती १९८४ मध्ये. तीच प्लस आवृत्ती परवाना घेऊन पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ च्या सुमारास भारतात आणली. नाव 'डीबी स्पेक्ट्रम प्लस'. आत झेड-८० ए प्रोसेसर, ३.५ मेगाहर्ट्झ, ४८ केबी रॅम, १६ केबी रॉम. त्या काळी शाळांत संगणक शिकवण्याच्या सरकारी 'क्लास' प्रकल्पातून काही निवडक शाळांत बीबीसी मायक्रो हे संगणक पोचले होते. सरांच्या शाळेला तो मिळाला नाही, म्हणून त्यांनी स्वतःच्या पैशाने हा घेतला.

खोक्यात काय निघालं: स्पेक्ट्रम, एक टेपरेकॉर्डर, डझनभर कॅसेटी आणि एक काळा ९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर. अ‍ॅडॅप्टर मूळचा नाही, कुठल्यातरी राउटरचा आहे. त्यावरचं पोलॅरिटीचं चिन्ह बघितलं आणि काय झालं असणार याचा अंदाज आला. स्पेक्ट्रमला मधली पिन उणे लागते. आपल्याकडचे जवळजवळ सगळे अ‍ॅडॅप्टर मधली पिन अधिक असलेले. सरांना विचारलं. नातवाने दिवाळीत लावून बघितला होता म्हणे, "दिवा पण लागला नाही." स्पेक्ट्रमला दिवा नसतोच, पण ते जाऊ दे.

आज पॉवर दिली नाही. तुम्हीही देऊ नका. माळ्यावरून उतरलेलं यंत्र थेट प्लगात घालायचा मोह प्रत्येकाला होतो.

१२ जून

उघडला. खालचे स्क्रू काढले, कीबोर्डच्या दोन पारदर्शक पट्ट्या सॉकेटमधून हळूच ओढल्या. त्यातली रुंद पट्टी हातातच तडकली. हे होणार हे गृहीत धरा. चाळीस वर्षांचं प्लॅस्टिक आहे.

बोर्ड स्वच्छ आहे. आधी कुणी हात घातलेला नाही, सगळे टाके कारखान्यातले. याचं मला फार बरं वाटलं. अर्धवट दुरुस्त केलेल्या बोर्डापेक्षा पूर्ण बंद पडलेला बोर्ड परवडतो.

बेंच सप्लायवर (व्होल्टेज आणि करंट ठरवून देता येणारा पुरवठा) ९ व्होल्ट, करंटची मर्यादा १ अँपिअर, पोलॅरिटी मीटरने बघून मग जोडणी. मापं घ्यायची जागा: खालच्या रॅमची, म्हणजे ४८ केबीपैकी पहिल्या १६ केबीची, कोणतीही ४११६ नंबरची मेमरी आयसी. या आयसीला तीन वेगळे व्होल्टेज लागतात आणि तिन्ही तिच्या पायांवर सापडतात. पाय १ वर उणे ५, पाय ८ वर अधिक १२, पाय ९ वर अधिक ५, पाय १६ ग्राउंड. हे चार आकडे कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवा.

मिळालेली मापं: अधिक ५ बरोबर. अधिक १२ च्या जागी साडेआठच्या आसपास. उणे ५ च्या जागी शून्य.

पाच सेकंदांत बंद केला. ४११६ ला उणे पाच न देता दुसरीकडून बारा दिलं की आयसी आतून जास्त करंट ओढते, तापते आणि मरते. एक एक मिनिट 'अजून बघू' म्हणत चालू ठेवलं तर एका बिघाडाचे आठ होतात.

उणे पाच आणि बारा हे दोन्ही एकाच छोट्या सर्किटमधून येतात. टीआर-४ नावाचा ट्रान्झिस्टर, त्याच्या जोडीला टीआर-५ आणि एक गुंडाळी. वेगाने चालू-बंद (ऑसिलेट) होऊन नऊचे बारा करतात आणि त्याच्याच धक्क्यावर उणे पाच तयार होतो. उलटी पोलॅरिटी दिली की सगळ्यात आधी टीआर-४ जातो. जगभरच्या स्पेक्ट्रमांचा हा नेहमीचा आजार आहे.

१६ जून

टीआर-४ काढून मीटरवर तपासला. बेस-एमिटर जोड उघडा, म्हणजे आतून तुटलेला. गेला. टीआर-५ ठीक. गुंडाळीच्या दोन्ही वेढ्यांना कंटिन्युइटी आहे, जळल्याचा वास किंवा काळेपणा नाही. गुंडाळी वाचली हे नशीब, ती बाजारात मिळत नाही, हाताने गुंडाळावी लागते.

मूळ ट्रान्झिस्टर झेडटीएक्स ६५०. साताऱ्यात मिळण्याचा प्रश्नच नाही. माझ्या डब्यात एसएल १०० पडलेले होते. आमच्या पिढीचा हा हुकमी ट्रान्झिस्टर, धातूच्या टोपीचा, टोपीला एका बाजूला खाच. रेडिओ, इमर्जन्सी लाइट, पाण्याच्या टाकीचा अलार्म, काहीही असो, एसएल १०० घाला. घालून बघितला. ऑसिलेशन सुरू झालं, पण बाराच्या जागी दहा, उणे पाचच्या जागी उणे तीन, आणि टोपीला बोट लावता येईना. लगेच बंद.

कारण साधं आहे. झेडटीएक्स ६५० दोन अँपिअरचा आणि पूर्ण चालू असताना त्याच्यावर फार कमी व्होल्टेज पडतं. एसएल १०० अर्ध्या अँपिअरचा. 'दोन्ही एनपीएन प्रकारचेच ना, चालेल' हा हिशोब इथे चालत नाही. झेडटीएक्स ६५१ मागवला, तो याच कामाचा आणि थोडा जास्त व्होल्टेज सोसणारा. पाच नग घेतले. पार्टपेक्षा कुरिअरचे पैसे जास्त झाले.

२९ जून

मधले दिवस वाट बघण्यात गेले. झेडटीएक्स ६५१ आले, घातला. अधिक १२ बरोबर, उणे ५ बरोबर, ट्रान्झिस्टर कोमट. स्कोपवर (ऑसिलोस्कोप) ऑसिलेशन स्वच्छ दिसतंय. स्कोप माझा अपलॅबचा जुना २० मेगाहर्ट्झचा. या कामाला याहून भारी काही लागत नाही. झेड-८० च्या ६ नंबरच्या पायावर ३.५ मेगाहर्ट्झचं क्लॉक आहे. म्हणजे क्लॉक पुरवणारा आणि चित्र बनवणारा यूएलए निदान श्वास घेतोय. यूएलए गेला असता तर गोष्ट इथेच थांबली असती. ती सिंक्लेअरची खास बनवून घेतलेली आयसी, दुकानात कधीच नव्हती.

७ जुलै

चित्र बघायची सोय. मूळ आउटपुट टीव्हीच्या अँटेनाचा, आताचे टीव्ही तो नीट पकडत नाहीत आणि पकडला तरी चित्र घाण. सगळे करतात तेच केलं: मॉड्युलेटरची (व्हिडिओला अँटेनाच्या सिग्नलचं रूप देणारी डबी) आतली जोडणी सोडवली, त्याचा ५ व्होल्टचा पुरवठा काढला आणि बोर्डावरून येणारा व्हिडिओ सिग्नल १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून थेट त्याच गोल सॉकेटच्या मधल्या टोकाला दिला. केसला भोक पाडायची गरज नाही आणि उद्या कुणाला मूळ स्थितीत न्यायचं असेल तर नेता येईल. टीव्हीच्या पिवळ्या एव्ही सॉकेटला साधी केबल.

चित्र आलं: पूर्ण पडदाभर उभ्या पट्ट्या, आणि सगळा पडदा लुकलुकतोय.

इथे थोडं थांबते, कारण स्पेक्ट्रमचा पडदा हाच त्याचा टेस्टर आहे. पडद्याची सगळी माहिती खालच्या १६ केबीत असते, पत्ता १६३८४ पासून ६९१२ बाइट. प्रोसेसर काही करो वा न करो, यूएलए ती रॅम जशी आहे तशी पडद्यावर दाखवत राहतो. खालच्या रॅमच्या आठ आयसी, प्रत्येकीकडे बाइटच्या आठ बिटांपैकी एक एक बिट: आयसी-६ कडे बिट ०, तिथून ओळीने आयसी-१३ कडे बिट ७. एखादी आयसी कायम १ देत असेल तर दर आठ ठिपक्यांत एक उभी रेघ दिसते. रंगांच्या बाइटमध्ये बिट ७ म्हणजे फ्लॅश. सगळा पडदा लुकलुकतोय म्हणजे बिट ७ अडकलाय, म्हणजे आयसी-१३. डावीकडून पहिला ठिपकाही बिट ७ चाच. तिथेही रेघ आहे. साक्ष जुळली.

बाकीच्या पट्ट्या जाड आहेत. म्हणजे अजून कुणीतरी गेलंय. बोट लावून बघितलं: आयसी-१३ आणि आयसी-८ चटका देतात, इतर कोमट.

मी नोकरी टेलिफोन खात्यात केली. सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेची १२८ पोर्टची ग्रामीण टेलिफोन एक्सचेंजं सांभाळली. तिथे बिघाड म्हणजे कार्ड बदलायचं आणि गेलेलं कार्ड दुरुस्ती केंद्राला पाठवायचं. कार्डाच्या आत काय गेलं हे आम्हाला कधी कळायचं नाही, आणि मला ते नेहमी खटकायचं. शाळेत असताना ओए ७९ डायोड आणि एसी १२८ ट्रान्झिस्टर घालून मीडियम वेव्हचा रेडिओ केला होता, त्यात प्रत्येक पार्ट कशासाठी आहे हे मला सांगता यायचं. या बोर्डावर तो काळ परत हाताला लागतोय. एका बिटाला एक आयसी. कोण गेलं ते नाव घेऊन सांगता येतं.

१४ जुलै

आयसी काढण्याबद्दल. या बोर्डांचे ट्रॅक पातळ, गरम केले की उचलले जातात. सकर (वितळलेलं सोल्डर ओढणारा पंप) आणि विक (सोल्डर शोषणारी तांब्याची वेणी) वापरून अख्खी आयसी जिवंत काढायचा हट्ट करू नका. मेलेलीच आहे. बारीक कटरने सोळाही पाय अंगाशी कापा, अंग उचला, मग एकेक पाय सोल्डरिंग आयर्नने गरम करून चिमट्याने ओढा, शेवटी भोकं विकने साफ करा. माझं आयर्न २५ वॅटचं सोल्ड्रॉन. त्याहून जास्त वॅटचं घेऊ नका. ग्राउंडच्या पायाला उष्णता जास्त लागते, तिथे आधी थोडं ताजं सोल्डर घाला म्हणजे जुनं पटकन वितळतं.

दोन्ही जागी गोल पिनांचे सॉकेट बसवले. आयसी-१३ खाली एक ट्रॅक सुटला, त्याच्यावर बारीक तारेचा पूल.

रॅम ऑनलाइन मागवल्या. दहा नग, अकराशे रुपये, 'नवीन' असं लिहिलेलं.

२८ जुलै

आलेल्या ४११६ बघूनच शंका आली. दहाही आयसींवर एकच तारीख, छपाई चकचकीत, पण पालथ्या केल्यावर खालचे साच्याचे शिक्के वेगवेगळे. वरचा पृष्ठभाग घासून पुन्हा छापलेला. जुन्या बोर्डांतून काढलेला माल नवीन म्हणून विकलाय. तसं सांगून विकला असता तरी मी घेतला असता. ४११६ आता कुणी बनवत नाही, सगळा माल जुनाच असणार. खोटं नाव कशाला?

एकेक करून आधी मीटरने मोजून, मग सॉकेटमध्ये घालून बघितल्या. सातच चालतात. मेलेल्यांपैकी एक तर पाय ८ आणि १६ मध्ये थेट शॉर्ट होती. ती घातली असती तर बाराची लाइन बसली असती आणि नवा टीआर-४ गेला असता. म्हणून नियम: अनोळखी ४११६ सॉकेटमध्ये घालण्याआधी मीटरने पाय १, ८, ९ आणि १६ एकमेकांत मोजा. अर्ध्या मिनिटाचं काम.

४ ऑगस्ट

आयसी-८ आणि आयसी-१३ बदलल्यावर लुकलुकणं गेलं, पट्ट्या गेल्या, पण पडदा काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा. अजून एक आयसी थंड राहून मेलेली होती. ती शोधायला 'पाठीवर बसवणे' ही युक्ती: चांगली ४११६ संशयित आयसीच्या वर पायाला पाय लावून दाबून धरायची आणि चालू करायचं. मेलेली आयसी गप्प असेल तर वरची तिचं काम करते. अडकलेली असेल तर ही युक्ती चालत नाही. मला आयसी-१० वर यश आलं. तीही बदलली.

दुपारी चालू केला आणि पडद्याच्या तळाला ओळ आली: १९८२ सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड.

सरांना फोन केला. म्हणाले, "कर्सर आला का?" कर्सर बटण दाबल्यावर येतो, आणि बटण एकही चालत नाही.

१८ ऑगस्ट

कीबोर्ड. आत बटणांखाली प्लॅस्टिकच्या थरांचा पडदा (मेम्ब्रेन) असतो, त्याच्या दोन शेपट्या बोर्डाच्या सॉकेटात जातात: एक आठ रेघांची, एक पाच रेघांची. तडकलेल्या शेपटीचं टोक कात्रीने काही मिलिमीटर सरळ कापून पुन्हा घालायचं, हा पहिला इलाज. पाच रेघांची तशी चालली. आठ रेघांच्या शेपटीला मुळाशीच चीर आहे, तिथे कापायला जागा नाही.

कोणती रेघ तुटली हे बटणांवरून कळतं. आठ रेघांपैकी एक तुटली तर शेजारची पाच बटणं एकदम जातात, उदाहरणार्थ १ ते ५. पाच रेघांपैकी एक तुटली तर कीबोर्डभर विखुरलेली आठ जातात: १, ०, क्यू, पी, ए, एंटर, कॅप्स शिफ्ट आणि स्पेस हा असा एक गट. माझ्याकडे अर्धा कीबोर्ड मेलेला, पाच-पाचच्या गटांत.

चांदीच्या वाहक रंगाने चीर सांधून बघितली. वाळल्यावर चालली, शेपटी वाकवून सॉकेटात घालताना पुन्हा तुटली. त्यात एक आख्खा रविवार आणि साडेचारशेची रंगाची बाटली गेली. हा इलाज करू नका. नवा पडदा इंग्लंडमध्ये आजही बनवून विकतात, तो मागवला. टपाल आणि कस्टम्स धरून तीन हजारांच्या वर गेला. या कामातला सगळ्यात महाग पार्ट.

१ सप्टेंबर

पुण्याला गेले होते, तपकीर गल्लीत कपॅसिटर घ्यायला. गणपती आठवड्यावर, गल्लीत माळा आणि फोकस घेणाऱ्यांची झुंबड, पाय ठेवायला जागा नाही. आडव्या ठेवणीचे, म्हणजे दोन्ही टोकांना एकेक पाय असलेले इलेक्ट्रोलायटिक हवे होते. दुकानदार म्हणाले, "ताई, हा माल आता कुणी मागत नाही. उभेच घ्या, पाय वाकवून बसवा." तसंच केलं. किमतीचे आणि व्होल्टेजचे आकडे जुळले की दिसायला कसेही असोत. सगळे मिळून दीडशेच्या आत. अगदीच शोभा हवी असेल तर परदेशातून आख्खा संच मिळतो, मला त्याची गरज वाटली नाही.

सगळे इलेक्ट्रोलायटिक बदलले. अधिक ५ व्होल्ट देणाऱ्या ७८०५ रेग्युलेटरच्या हीटसिंकचा सुकलेला पेस्ट खरवडून नवा लावला. ७८०५ च्या जागी स्विचिंग मॉड्यूल घालायचं फॅड आहे, केस कमी तापते हे खरं. मी मूळचाच ठेवला, कारण तो उत्तम चालतोय.

२२ सप्टेंबर

कीबोर्डचा पडदा आला, बसला, सगळी बटणं चालू. आता प्रोग्रॅम.

पहिली चाचणी सगळ्यांना माहीत असलेली: प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३. म्हणजे मशीनला सापडलेल्या रॅमचा शेवटचा पत्ता विचारायचा. उत्तर ६५५३५. म्हणजे मशीन म्हणतंय की ४८ केबी पूर्ण शाबूत. वरच्या ३२ केबीची काळजी मिटली असं मी मानलं.

स्पेक्ट्रमचे प्रोग्रॅम कॅसेटवर आवाज म्हणून असतात, तोच आवाज फोनवरून वाजवून प्रोग्रॅम लोड करून बघितले. फोनचा आवाज पूर्ण वाढवला तरी पुरत नाही, मध्ये छोटा अँप्लिफायर लागतो. एलएम ३८६ चं मॉड्यूल घ्या, चाळीस रुपये. पीएएम ८४०३ घेऊ नका, त्याच्या आउटपुटची कुठलीच तार ग्राउंड नसते आणि स्पेक्ट्रमच्या इअर सॉकेटची एक बाजू ग्राउंड असते. केबलही मोनो पिनची. पडद्याच्या कडेला आधी लाल-निळसर रुंद पट्टे आणि मग निळे-पिवळे बारीक पट्टे धावायला लागले की सिग्नल पोचतोय.

छोटे प्रोग्रॅम लोड होऊन चालतात. मोठे लोड होतात, त्रुटीचा संदेश येत नाही, आणि सुरू झाले की अडकतात नाही तर मशीन रीसेट होतं.

संपूर्ण आठवडा मी ऑडिओच्या मागे होते. आवाज कमी-जास्त, दुसरा फोन, दुसरी केबल. सगळं व्यर्थ. लोडिंगमध्ये चूक असती तर शेवटचा पडताळणीचा बाइट जुळला नसता आणि 'आर टेप लोडिंग एरर' आलं असतं. संदेश येत नाही याचाच अर्थ बाइट बरोबर पोचले होते. पोचल्यावर ते बिघडत होते.

२९ सप्टेंबर

म्हणजे वरची रॅम. पण ६५५३५?

सुरुवातीची चाचणी रॉममध्ये कशी केलीय ते बघितलं, तेव्हा उलगडा झाला. मशीन प्रत्येक पत्त्यावर २ लिहितं. मग तिथला आकडा एकने कमी करतं, शून्य झाला तर बिघाड. पुन्हा एकने कमी करतं, आता शून्य झालाच पाहिजे. दोन, एक, शून्य. बस एवढंच. यात बिट २ पासून बिट ७ पर्यंत कुठेही १ लिहून तो १ राहतो का हे कधी तपासलंच जात नाही. एखादी जागा कायम १ देत असेल तर पकडली जाते. कायम ० देत असेल तर सहीसलामत पास होते.

मग खरी चाचणी मशीनच्या बेसिक भाषेतच लिहिली. त्यात पोक म्हणजे पत्त्यावर आकडा लिहिणं, पीक म्हणजे तो वाचणं. आधी क्लिअर ३२७६७, म्हणजे बेसिकचा स्टॅक (कामापुरत्या नोंदींची जागा) खालच्या रॅममध्ये जातो आणि वरची सगळी मोकळी होते. मग:

१० फॉर एन = ३२७६८ टू ६५५३५
२० पोक एन, २५५
३० इफ पीक एन <> २५५ देन प्रिंट एन, पीक एन
४० नेक्स्ट एन

काही मिनिटं लागतात, चहा करून या. पडद्यावर आलं: ३२८७८ ला १९१, ३३००६ ला १९१, ३३१३४ ला १९१. पुढेही तसंच.

२५५ वजा १९१ म्हणजे ६४, म्हणजे बिट ६. वरच्या रॅममध्ये आयसी-१५ कडे बिट ०, ओळीने आयसी-२२ कडे बिट ७. बिट ६ आयसी-२१ कडे. आणि पत्त्यांत दर वेळी बरोबर १२८ चं अंतर. या आयसींच्या आत पेशी ओळी आणि स्तंभांत मांडलेल्या असतात, ओळीचा नंबर पत्त्याच्या खालच्या सात बिटांवरून ठरतो, म्हणून एक आख्खी ओळ मेली की दर १२८ व्या पत्त्याला ठेच लागते. छोटे प्रोग्रॅम खालच्या रॅममध्येच मावत होते म्हणून चालत होते.

हेच दोनशे पंचावन्नच्या जागी शून्य लिहूनही चालवा. दोन्ही पास झालं तरच वरची रॅम चांगली म्हणा. ६५५३५ या आकड्यावर विसंबून मीही आठवडा घालवला.

६ ऑक्टोबर

वरच्या मूळ आयसी ४५३२, म्हणजे ६४ किलोबिटच्या आयसी ज्यांच्यात अर्धा भाग सदोष निघाला होता. सिंक्लेअरने त्या स्वस्तात घेऊन चांगला अर्धा वापरला. काटकसरीची कमाल. त्यांच्या जागी पूर्ण ४१६४ चालते आणि तिला फक्त ५ व्होल्ट लागतात. घेताना १२८ सायकल रिफ्रेशची (रॅममधला मजकूर पुसू नये म्हणून तो सतत ताजा करावा लागतो) आहे ना हे बघा, कारण झेड-८० रिफ्रेशसाठी सातच बिट पुरवतो.

माझ्याकडची ४१६४ पुण्याच्या जुन्या बाजारातल्या एका मेमरी कार्डाची. कार्ड शंभर रुपयांना, त्यावर अठरा आयसी. आर्दुइनो उनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डावर ४१६४ तपासणारा छोटा टेस्टर जुळवला, पाचच व्होल्ट असल्यामुळे सोपं आहे. अठरापैकी सोळा चांगल्या निघाल्या. तीच आयसी ऑनलाइन 'नवीन' म्हणून घेतली असती तर काय मिळालं असतं ते वर लिहिलंच आहे.

आयसी-२१ बदलली. २५५ ची चाचणी स्वच्छ, शून्याची स्वच्छ. मोठे प्रोग्रॅम चालतात.

१३ ऑक्टोबर

टेपरेकॉर्डर. आतला पट्टा वितळून डांबर झालेला, कप्प्यांवरून आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसून काढला, नवा पट्टा घातला. सरांच्या कॅसेटी तरीही लोड होईनात, कडेचे पट्टे तुटक. हेडचा कोन. हेडच्या बाजूच्या छोट्या स्क्रूने, कॅसेट वाजत असताना, आवाज सगळ्यात तीक्ष्ण होईपर्यंत हळूहळू फिरवायचा. ज्या रेकॉर्डरवर रेकॉर्ड केली त्याचा तेव्हाचा कोन आणि आताचा कोन जुळला पाहिजे, म्हणून वेगवेगळ्या कॅसेटींना तो वेगळा लागू शकतो. आधी मूळ जागी पेनने खूण करून ठेवा.

कॅसेटी लोड झाल्या. त्यात पाढ्यांची परीक्षा घेणारा सरांनी लिहिलेला एक प्रोग्रॅम आहे. एकोणतीसच्या पाढ्यापर्यंत विचारतो. सगळ्या कॅसेटी संगणकात ध्वनिफिती म्हणून उतरवून घेतल्या.

खर्च, ढोबळ: ट्रान्झिस्टर कुरिअरसह ३५० रुपये, ४११६ चे ११००, सॉकेट आणि कपॅसिटर मिळून २५०, कीबोर्डचा पडदा ३२००, वाया गेलेला रंग ४५०, मेमरी कार्ड १००, एलएम ३८६ चं मॉड्यूल, पट्टा, केबल वगैरे २५०. प्रवास धरलेला नाही.

राहिलेलं: ९ व्होल्ट २ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर पिन उलटी करून दिलाय, पण केसच्या आत पोलॅरिटी-संरक्षणाचा डायोड घालायचा विचार आहे. साधा डायोड घातला तर पाऊण व्होल्ट पडेल, ७८०५ ला ते चालेल, टीआर-४ च्या सर्किटला चालेल का ते मोजून लिहीन. तोवर राउटरचा अ‍ॅडॅप्टर मी सरांना परत दिलेला नाही.